पालकांची सही आणि सतरा वर्षांचा अर्जदार

ऑक्टोबर २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केले. गावात त्यांना माउली म्हणतात. त्या वर्षी राज्यात सरपंच पहिल्यांदाच थेट जनतेतून निवडले जात होते. तृतीयपंथी उमेदवाराला कौल मिळाला तो सबंध गावाचा होता. चार-दोन सदस्यांनी बंद खोलीत ठरवलेला नव्हता. सोलापूर जिल्ह्याबद्दल बोलताना ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते, आणि सांगावीच. मात्र माउली तेव्हा चाळिशीत होते. त्याच तालुक्यात नववी-दहावीला असलेला, वर्गात ‘बायल्या’ म्हणून हाक ऐकणारा मुलगा, किंवा मैत्रिणीवर जीव जडलेली आणि घरात स्थळे बघायला सुरुवात झालेली मुलगी, यांच्या हातात त्या निकालाने काय पडले? थोडे धैर्य पडले असेल. कायद्याचे कलम एकही पडले नाही.

२००९ पासून समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांची जी न्यायालयीन वाटचाल झाली, तिच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर ‘प्रौढ’ हा शब्द दारवानासारखा उभा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या ३७७व्या कलमाचे दात काढले, ते अठरा वर्षांवरील व्यक्तींपुरते. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा उलट दिशेने पाऊल टाकले. मोकळीक मिळाली ती तेव्हाही परस्परसंमतीने वागणाऱ्या प्रौढांनाच. ऑक्टोबर २०२३ चा विवाहहक्काचा निकाल तर प्रौढांचाच विषय होता. समलिंगी जोडप्यातल्या व्यक्तीला आईवडील डांबून ठेवतात अशा प्रकरणांत न्यायाधीशांनी कसे वागावे, याच्या सूचना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिल्या. त्यांचाही उपयोग सज्ञान व्यक्तीला. या निकालांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण स्वतःबद्दलची जाणीव काही अठराव्या वाढदिवसाला होत नाही. ती बारा-चौदाव्या वर्षीच व्हायला लागते, आणि पुढची चार-पाच वर्षे त्या मुलाने कायद्याच्या दाराबाहेर थांबायचे असते.

अशा अल्पवयीनांचा स्पष्ट उल्लेख करणारा कायदा एकच, तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा. आधी सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात न्या. राधाकृष्णन आणि न्या. सीकरी यांनी आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. त्या प्रकरणात मुंबईच्या गौरी सावंत याचिकाकर्त्या होत्या, लक्ष्मीनारायण त्रिपाठींनीही आपली बाजू मांडली होती. दोघी मराठी वाचकांना परिचित आहेत. पाच वर्षांनी संसदेने कायदा केला, १० जानेवारी २०२० पासून तो लागू झाला, आणि त्या हक्काला अर्जाचे रूप आले. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा आणि ओळख प्रमाणपत्र घ्यायचे. अर्जदार अल्पवयीन असेल तर अर्ज आईवडिलांनी किंवा पालकाने करायचा.

इथे सगळे अडते. केंद्र सरकारच्या ‘स्माइल’ योजनेत नववीपासून पुढे शिकणाऱ्या तृतीयपंथी विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. ती हवी तर प्रमाणपत्र हवे, प्रमाणपत्र हवे तर वडिलांची सही हवी, आणि वडिलांची सही मिळत असती तर निम्मा प्रश्न उरलाच नसता. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव छापले जाते तेच पुढे आयुष्यभर प्रत्येक अर्जाला चिकटते. त्यामुळे नावाचा प्रश्न परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी सुटायला हवा, म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी. अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः राजपत्रात नाव बदलायचे, प्रमाणपत्र काढायचे, आणि मग पुण्याच्या विभागीय मंडळापासून महाविद्यालयाच्या खिडकीपर्यंत एकेका कागदामागे फिरायचे. हे टाळणे अशक्य नाही. अर्जेंटिनाने २०१२ च्या कायद्यात अल्पवयीनाचा अर्ज पालकांमार्फतच ठेवला. पण मुलाची स्वतःची संमती आवश्यक केली, त्याला वकील दिला आणि पालक नाही म्हणाले तर न्यायाधीशाकडे जाण्याची वाट ठेवली. आपल्या कायद्याने तशी वाट ठेवली नाही.

याच कायद्याचे बारावे कलम म्हणते की तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून कोणत्याही मुलाला आईवडिलांपासून वेगळे करता येणार नाही. मुलाच्या हितासाठी न्यायालयाने आदेश दिला तरच ते करता येईल. वाचताना कलम मायेचे वाटते. त्यामागची शंका मात्र हिजडा घराण्यांवर आहे: मुले पळवली जातात, फूस लावून नेली जातात. घर हेच सुरक्षित ठिकाण आहे, हे गृहीत धरलेले आहे. ज्या मुलाला मार घरातच पडतो, केस कापून खोलीत कोंडले जाते, देवऋषाकडे नेले जाते, त्याच्यासाठी हे कलम उलटे काम करते. अठराव्या कलमात तृतीयपंथी व्यक्तीला घराबाहेर काढणे, शारीरिक किंवा मानसिक इजा करणे यासाठी सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा आहे आणि त्यातून आईवडिलांना सूट नाही. पण वडिलांविरुद्ध फिर्याद द्यायला पोलीस ठाण्याची पायरी चढणारा पंधरा वर्षांचा मुलगा कायदा करणाऱ्यांनी कधी डोळ्यांसमोर आणला असेल, असे वाटत नाही.

आणि मुले नाहीत असे तर कोणी म्हणू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. त्यातला एक आकडा मला पुनःपुन्हा वाचावासा वाटतो: शून्य ते सहा वयोगटातली ५४,८५४ मुले. सहा वर्षांच्या आतले मूल प्रगणकाला स्वतः उत्तर देत नाही. ते उत्तर घरातल्या मोठ्या माणसाने दिलेले असते. काही नोंदी चुकीच्या असतील, काही जन्मतः वेगळ्या शरीररचनेच्या मुलांच्या असतील. तरी इतक्या घरांत, दारात उभ्या असलेल्या सरकारी माणसाला, कोणीतरी ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ या दोन्हीपेक्षा निराळे उत्तर दिले. पुढे ‘इतर’ या सबंध गटाची साक्षरता ५६ टक्क्यांच्या आसपास भरली, देशाची ७४ होती. मधली मुले शाळेतून कुठे गेली, हे शिक्षण खात्याला विचारण्यासारखे आहे.

समलिंगी आणि उभयलिंगी मुलामुलींना तर असा नावाने उल्लेख करणारा कायदाही नाही. त्यांच्या वाट्याला येतो तो २०१२ चा पॉक्सो. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा हा कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. जुलै २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली आणि ३७७वे कलम समूळ गेले. त्यामुळे प्रौढ पुरुषावरच्या बलात्काराला कलमच उरले नाही, पण अठराखालच्या मुलाला पॉक्सोचा आधार कायम आहे. जी मुले खरोखर अत्याचाराला बळी पडतात, आणि बायकी मानलेल्या मुलांना तो धोका अधिक असतो, त्यांना याहून बळकट कायदा दुसरा नाही.

अडचण संमतीची आहे. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची संमती हा कायदा मानत नाही. सोळा-सतरा वर्षांची दोन मुले एकमेकांच्या प्रेमात पडली तर कायद्याच्या नजरेत गुन्हा घडतो. मुलगा-मुलगी असली तर आरोपी कोण, हे पोलीस सवयीने ठरवतात. दोन्ही मुलगे असले तर बहुधा कोणाचे आईवडील आधी ठाण्यात पोचले यावर ते ठरेल. दुसरा विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणून बाल न्याय मंडळापुढे उभा राहील, आणि सोळाच्या पुढे असला तर गुन्हा घृणास्पद वर्गातला म्हणून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची तपासणीही होऊ शकेल. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३व्या अहवालात संमतीचे वय खाली आणू नये असे सांगितले. सोळा ते अठरामधल्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना तारतम्य वापरता यावे, एवढी शिफारस केली. त्या चर्चेतही समोर चित्र होते ते पळून गेलेल्या मुलामुलीचे.

याच कायद्याचे एकोणिसावे कलम शिक्षकाला, डॉक्टरला, समुपदेशकाला, कोणालाही, अशी घटना कळली की पोलिसांना कळवणे बंधनकारक करते. न कळवल्यास शिक्षा आहे. मग मुलाने बोलायचे कोणाशी? त्याच्या पोटातली गोष्ट ऐकणारा प्रत्येक जाणता माणूस कायद्याने खबऱ्या ठरतो. भीडभाड न ठेवता लिहायचे तर पॉक्सोने या मुलांना अत्याचारापासून वाचवले तसेच मदतीपासूनही दूर ठेवले.

मदत करणाऱ्यांची भीती आणखी एका कलमाने वाढवली आहे. जुन्या दंड संहितेत पालकांच्या ताब्यातून नेल्याचा गुन्हा मुलाच्या बाबतीत सोळा वर्षांपर्यंत होता, मुलीच्या बाबतीत अठरा. नव्या संहितेच्या १३७व्या कलमाने दोघांनाही अठराची रेषा लावली. समानता म्हणून हे योग्यच. पण घरातून निघून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला रात्रीपुरता आसरा देणारा कार्यकर्ता, किंवा त्याला डेऱ्यात जागा देणारी गुरू, आता सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या छायेत असते. महाराष्ट्रातल्या संघटना अल्पवयीनांच्या कामाला हात लावताना का कचरतात, याचे उत्तर त्यांच्या अनास्थेत शोधू नये. ते इथे आहे. त्यातून त्यांच्यातल्या अनेकांचे काम एचआयव्ही प्रतिबंधाच्या निधीवर उभे राहिले, आणि ते मुळातच प्रौढांसाठी आखलेले. ‘पोरांना बिघडवतात’ हा आरोप तर कायमचा पाठीशी.

चळवळीचा इतिहास पाहिला तर सुरुवात मात्र तरुणांच्या प्रश्नांपासूनच झालेली दिसते. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ पासून वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत होते. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. कर्व्यांना दंड झाला. ज्या प्रश्नोत्तरांवर आक्षेप होता त्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता, हे आज चळवळीतले लोक अभिमानाने सांगतात. १९८१ मध्ये तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाने मुलीवर जीव जडलेली कॉलेजातली मुलगी रंगमंचावर आणली, रोहिणी हट्टंगडींनी ती केली होती. १९९० मध्ये अशोक राव कवींचे ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघाले, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. मराठीत, मध्यमवर्गीय घराला समजेल अशा भाषेत हे काम नेले ते बिंदुमाधव खिरे यांनी. २००२ मध्ये त्यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला, ‘पार्टनर’ ही एका समलिंगी मुलाच्या घडणीची कादंबरी लिहिली, ‘इंद्रधनू’ हे माहितीचे पुस्तक लिहिले. पुण्यात २०११ पासून अभिमान पदयात्रा निघू लागली.

म्हणजे मराठीत जे काही आहे ते पुण्यात. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी निघते, रात्री परत आणते, आणि सोलापूरची कितीतरी माणसे पुण्यातली कामे त्याच गाडीने उरकतात. कॉलेजच्या पोराला एखादे निमित्त काढून ती पकडता येते. नववीतल्या मुलीला येत नाही. दुसरे अंतर भाषेचे. चळवळीचे साहित्य इंग्रजीत आणि पुणेरी मराठीत आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या पद्मशाली आईशी बोलायचे तर तेलुगू हवी, अक्कलकोटकडच्या घरात कन्नड. सीमेवरच्या या पट्ट्यात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने जोगत्यांची परंपरा आहे. मुलाचे वेगळेपण देवीच्या इच्छेत बसवून घेण्याची ती जुनी सोय. तिने काहींना मान दिला, पण शाळा सोडायला लावून जोगव्याची परडीही हातात दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पुण्या-मुंबईच्या चळवळीला या परंपरेशी नेमके कसे बोलावे हे अजून जमलेले नाही असे माझे मत आहे.

आता उलट बाजू. या मुलांचे नावही न घेणारे काही कायदे त्यांच्या सर्वांत जास्त कामाचे आहेत, आणि नेमके त्यांच्याकडेच फारसे कोणाचे लक्ष नाही.

मुलींचे उदाहरण सर्वांत स्पष्ट. मुलीचे ‘तसले’ काही कळले की घराचा पहिला उपाय म्हणजे लग्न. ती अठराच्या आत असेल तर तो बालविवाह आहे, २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गावात बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. सोलापूर जिल्ह्यात बालविवाह ऐनवेळी रोखल्याच्या बातम्या नेहमी येतात, म्हणजे यंत्रणा निदान चालती आहे. त्या मुलीने १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करून एवढेच सांगायचे की माझे लग्न लावताहेत आणि मी सोळा वर्षांची आहे. का नको, हे सांगायची गरज नाही. स्वतःबद्दल एक अक्षर न बोलता मिळणारे हे संरक्षण आहे, आणि त्या वयात तेच सर्वांत मोलाचे.

शाळा-कॉलेजातल्या छळाचेही तसेच. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. शिक्षणसंस्थेची त्यातली व्याख्या इतकी रुंद आहे की वसतिगृह, अनाथाश्रम आणि शिकवणीचे वर्गही तिच्यात येतात. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आपल्या नियमांत लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून होणारा छळ रॅगिंग म्हणून स्पष्ट नोंदवला. तो नियम उच्च शिक्षणापुरता असला, तरी अकरावी-बारावीचे वर्ग भरतात ते अनेकदा त्याच आवारात. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम मारहाणीला आणि मानसिक छळाला मनाई करते. ‘नीट चाल, बाईसारखा काय चालतोस’ असे वर्गासमोर म्हणणाऱ्या गुरुजींना हे कलम वाचून दाखवायला हवे.

डॉक्टरांबाबत कायदा बराच पुढे आला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चालीरीतींत न बसणे हा मनोविकाराचा पुरावा नव्हे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी जून २०२१ मध्ये लैंगिक कल ‘बदलण्याच्या’ उपचारांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मुलाला सुधरवून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरची तक्रार आता वैद्यक परिषदेकडे करता येते. मुलाला स्वतः बोलायचे असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणि पालकांच्या सहीशिवाय उघडणारे एक दार तर कायद्यात लिहिलेलेच आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक स्वतः बालकल्याण समितीपुढे हजर होऊ शकते. अशी समिती सोलापुरातही आहे. जिल्हा न्यायालयातले विधी सेवा प्राधिकरण बालकाला वकील मोफत देते, घरचे उत्पन्न न विचारता. समितीने मुलाचे म्हणणे ऐकायचे असते, हे कायद्याच्या मूलतत्त्वांतच आहे. खरी पंचाईत त्यानंतरची. पाठवायचे कुठे? बालगृहे मुलांची किंवा मुलींची. स्वतःला मुलगी समजणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला मुलांच्या बालगृहात ठेवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. तृतीयपंथीयांसाठी काढलेली गरिमा गृहे प्रौढांसाठी. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये तृतीयपंथी धोरण मंजूर केले; त्याची कसोटी मी तरी एवढ्या एका खोलीवर लावीन. जिल्ह्यात अशी दोन-चार मुले सुरक्षित राहतील अशी जागा झाली का? तिला ना संसदेचा कायदा लागतो ना घटनापीठाचा निकाल. महिला व बालविकास खात्याचा एक आदेश पुरेल.

शाळेच्या आतली लढाई सध्या पुस्तकांवर येऊन थांबली आहे. २०२१ च्या शेवटी एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबाबत शिक्षकांसाठी पुस्तिका संकेतस्थळावर ठेवली. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने हरकत घेतली आणि थोड्याच दिवसांत ती काढून टाकण्यात आली. बालहक्कांसाठी नेमलेल्या आयोगानेच हे करावे, यातला विरोधाभास ज्याला दिसत नाही त्याला तो समजावून सांगता येणार नाही. पुढच्या दोन वर्षांत हरियाणात एक दहावीचा विद्यार्थी आणि उज्जैनला सोळा वर्षांचा एक मुलगा, दोघांनी जीव दिला. एकाच्या मागे शाळेतला छळ होता, दुसऱ्याच्या मागे समाजमाध्यमांवरच्या शिव्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शालेय लैंगिक शिक्षणात लिंगओळखीचा समावेश व्हावा या मागणीवर केंद्राला, एनसीईआरटीला आणि काही राज्यांना नोटिसा काढल्या. मागणी करणारी याचिका एका बारावीच्या विद्यार्थिनीची आहे. नोटीस मिळालेल्या राज्यांत महाराष्ट्रही आहे. २००७ मध्ये विधिमंडळातल्या गदारोळानंतर शाळांतले लैंगिक शिक्षण ज्या राज्याने बंद केले, त्यालाच आता या मुलीच्या प्रश्नावर आपली बाजू मांडायची आहे.